स्ट्रट बार बसवायचाय? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या नवख्यांसाठी पायरीवार माहिती

बॉनेट उघडलं की डाव्या-उजव्या बाजूला शॉकअपची वरची टोकं बॉडीला जिथं नटांनी आवळलेली दिसतात, ते दोन टॉवर. त्या दोघांना आडव्या दांड्यानं जोडायचं, एवढंच स्ट्रट बारचं काम. जोरात वळण घेतलं की बाहेरच्या चाकावर भार येतो, त्या बाजूचा टॉवर केसभर सरकतो, चाकाचा कल बदलतो आणि गाडी वळणात शिरताना किंचित आळस करते. बार हे सरकणं कमी करतो.

यापलीकडे त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. वळणावर गाडी कलते ती बारनं थांबत नाही. ते काम स्प्रिंग, शॉकअप आणि अँटी-रोल बारचं (दोन्ही बाजूंच्या चाकांना खालून जोडणारा दांडा). खड्ड्यांचे दणकेही कमी होत नाहीत. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरताना सलग वळणांवर फरक कळेल; राष्ट्रीय महामार्ग ४८ वर निपाणीकडे सरळ निघालात तर गाडीत बार आहे की नाही हे सांगताही येणार नाही.

काम तासा-दीड तासाचं आहे आणि अवघड नाही. बिघडतं ते जवळजवळ नेहमी दोन कारणांनी: चुकीच्या मापाचा बार, किंवा गाडी वाकडी उभी असताना ओढूनताणून बसवलेला बार.

१. आधी गाडी तपासा

पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन स्ट्रटचं, म्हणजे शॉकअपच चाकाला वरून धरून ठेवतो अशा पद्धतीचं असेल तरच बारला अर्थ आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या आणि सेडान तशाच असतात. डबल विशबोन, म्हणजे वर-खाली दोन आडव्या भुजांनी चाक धरलेलं असतं अशा गाड्यांत शॉकअपच्या टॉवरवर चाकाचा कल ठरत नाही, तिथं पैसे घालवण्यात मजा नाही.

मग जुनी दुखणी बघा. इंजिन बंद असताना एकाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवायला सांगा आणि तुम्ही टॉवरवर हात ठेवा. हाताला ‘टक्’ असा धक्का लागला किंवा स्प्रिंग अडखळून सुटल्यासारखं वाटलं तर शॉकअपचं वरचं टोक टॉवरला जोडणाऱ्या माउंटचं बेअरिंग गेलंय. शॉकअपवर तेल ओघळलेलं असेल, टायर घासून गुळगुळीत झाले असतील तर आधी ते बदला. बारच्या पैशांत चांगले टायर येत नाहीत हे खरं, पण टायर सोडून बार घेणं म्हणजे उलटा हिशोब.

जुनी गाडी घेतली असेल आणि पुढून ठोकलेली असल्याचा संशय असेल, तर बारच्या आधी बॉडीशॉपमध्ये टॉवरची कर्णमापं घ्या. सरकलेल्या टॉवरवर बार कधीच सरळ बसत नाही.

२. टॉवरवर नट किती आणि कोणते?

कुठल्या गाडीला टॉवरवर तीन नट असतात, कुठल्या गाडीला दोन किंवा चार. मधोमध एक मोठा नट असतो तो वेगळा. त्या मधल्या नटाला हात लावायचा नाही. तो शॉकअपचा दांडा धरून ठेवतो आणि त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग असते. बारसाठी सुटतात ते फक्त बाजूचे नट.

काही गाड्यांत बाजूचे नटच नसतात, शॉकअप एकट्या मधल्या नटावर असतो. अशा गाडीचा बार वेगळ्या पद्धतीनं बसतो आणि त्या मॉडेलसाठीच बनवलेला लागतो. खालच्या पायऱ्या बाजूला नट असलेल्या गाड्यांच्या आहेत.

कित्येक गाड्यांत टॉवर काचेखालच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्टीखाली, म्हणजे काउलखाली लपलेले असतात. तिथं वायपर आणि काउल काढल्याशिवाय काहीच दिसत नाही. तासाभराचं काम मग अर्ध्या दिवसाचं होतं.

३. मापं घ्या, मगच ऑर्डर द्या

‘अमुक गाडीला बसतो’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. त्याच गाडीच्या पेट्रोल आणि डिझेल इंजिनात एअर फिल्टर, पाइप, इंजिनची उंची वेगळी असते. परदेशातून मागवलेला बार डाव्या बाजूच्या स्टिअरिंगसाठी बनलेला असेल तर आपल्याकडे तो ब्रेकच्या मास्टर सिलिंडरवर किंवा ब्रेक ऑइलच्या डबीवर आपटतो. विकणाऱ्याला ही मापं पाठवा:

- दोन टॉवरच्या मधल्या नटांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये.
- बाजूच्या दोन बोल्टमधलं अंतर, मध्य ते मध्य. तीन बोल्ट समान अंतरावर असतील तर या मापाला १.१५५ नं गुणलं की बोल्टच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. अंतर १०० मिमी आलं तर व्यास साधारण ११५.५ मिमी.
- नट काढल्यावर बोल्ट टॉवरच्या वर किती उरतो. हे सगळ्यात जास्त विसरलं जाणारं माप.
- टॉवरच्या माथ्यापासून बंद बॉनेटच्या आतल्या पत्र्यापर्यंतची जागा.

बोल्टच्या लांबीचा हिशोब असा: बारच्या प्लेटची जाडी, अधिक नटाची उंची, अधिक वर दोन-तीन आटे. प्लेट ५ मिमी आणि नट ८ मिमी असेल तर बोल्ट किमान १६ मिमी वर हवा. ॲल्युमिनियमची प्लेट जाड असते, तिथं हाच हिशोब चुकतो. नट बोल्टच्या टोकाशी संपला किंवा आत राहिला तर तो बार परत करा. ‘चार आटे धरलेत, चालेल’ असं गॅरेजमध्ये कोणी म्हणेल, ऐकू नका.

४. कुठला बार?

एकसंध वेल्ड केलेला पोलादी बार सगळ्यात ताठ असतो, पण मापात मिलिमीटरची चूक तो माफ करत नाही. तीन तुकड्यांचा, मध्ये दांडा आणि टोकांना प्लेट असा बार बसवायला सोपा. दांड्याच्या एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे असतील तर लांबी कमी-जास्त करता येते. नवख्यांनी हाच घ्यावा. दोन्ही टोकांना एकेका बोल्टवर झुलणारा बार ओढ-दाब सहन करतो, पिळवटणं नाही. इंजिनवरून वळसा घालून जाणारा वाकडा बार सरळ बारपेक्षा नेहमीच लवचीक असतो. सरळ बसत असेल तर सरळच घ्या.

इकडचा एक खास मोह म्हणजे बेळगावातली उद्यमबाग औद्योगिक वसाहत. लेथ, लेझर कटिंग, वेल्डिंग सगळं एका गल्लीत मिळतं, तेव्हा ‘आपणच बनवून घेऊ’ असं वाटणारच. प्लेट कापून घ्यायला हरकत नाही. ५ मिमीची माइल्ड स्टीलची प्लेट, भोकं बोल्टपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर मोठी. अडचण वेल्डची. प्लेटवर उभा कान नुसत्या एका शिवणीवर चिकटवला तर तडा तिथंच जातो. कानाला दोन्ही बाजूंनी त्रिकोणी आधार हवा. आणि गाडीच्या टॉवरवर वेल्डिंग मारून घेणं मात्र अजिबात नाही. तिथला पत्रा पातळ असतो, उष्णतेनं त्याची ताकद जाते आणि वेल्डच्या करंटनं गाडीतला इलेक्ट्रॉनिक्सचा बोर्ड उडू शकतो.

५. कागदपत्रं

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीत नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे केए २२ किंवा केए २३ पाटीची गाडी कोल्हापुरात नेली काय, गोव्यात नेली काय, नियम तोच. बोल्टवर बसणारा आणि काढता येणारा बार आरसीच्या तपशिलात येत नाही. टॉवर कापणं, पत्रा बदलणं हा मात्र वेगळा मामला.

हाताशी ठेवा:

- आरसी आणि विम्याची पॉलिसी. विमा कंपनीला बारची माहिती मेलवर कळवा आणि उत्तर जपून ठेवा.
- वॉरंटीची पुस्तिका. वॉरंटीतल्या गाडीचं स्टिअरिंग किंवा सस्पेन्शनचं काम निघालं तर सर्व्हिस सेंटर बारकडे बोट दाखवणार, हे गृहीत धरा.
- बारचं जीएसटी बिल आणि सोबतचा कागद, ज्यावर नट किती घट्ट करायचे ते छापलेलं असतं.

अपघाताबद्दल एक गोष्ट इथंच. एका कोपऱ्यावर जोराची धडक बसली तर बारमुळे दणका दुसऱ्या टॉवरपर्यंत जाऊ शकतो आणि दुरुस्ती एका बाजूची न राहता दोन्ही बाजूंची होते. घ्यायचा की नाही हे ठरवताना हे ध्यानात असू द्या.

६. हत्यारं आणि सामान

- गोटी पान्यांचा संच: १०, १२, १३, १४, १७ मिमी. बोल्ट लांब असतात, म्हणून खोल गोटी हवी.
- टॉर्क पाना (नट किती जोरानं आवळला ते दाखवणारा), १० ते १०० न्यूटन मीटरमध्ये चालणारा. घरी नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी आणा, पण त्याच्याशिवाय सुरू करू नका.
- दोन रिंग पाने, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, पांढरा पेंट मार्कर, मेजर टेप, कापड.
- वायपर काढायचे असतील तर चिकटपट्टी, क्लिप काढायचं प्लास्टिकचं हत्यार आणि चार-सहा जादा क्लिपा. जुन्या क्लिपा तुटतातच.
- मुलांची खेळायची क्ले, बॉनेटची जागा तपासायला.
- नवे फ्लँज नट, म्हणजे खाली वॉशरसारखी रुंद कड असलेले.

नटांबाबत सावध. १० मिमीचा बोल्ट दोन प्रकारच्या आट्यांत येतो: एम १० × १.२५ आणि एम १० × १.५ (दुसरा आकडा म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये). जपानी घराण्याच्या गाड्यांत बारीक, म्हणजे १.२५ चे आटे नेहमीचे. हार्डवेअरच्या दुकानात ‘दहाचा नट’ मागितलात तर बहुधा १.५ चा हातात पडतो. तो दोन फेरे फिरतो आणि अडकतो. मग पान्यानं रेटला की बोल्टचे आटे गेलेच. जुना नट दुकानात न्या. तो ज्या बोल्टवर हातानं शेवटपर्यंत फिरतो, त्याच बोल्टवर नवा नटही तसाच फिरला पाहिजे.

७. सपाट जागा

पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून खानापूर भागात अंगणाला उतार दिलेला असतो. तिथं गाडी एका बाजूला कलते, भार असमान होतो, टॉवर त्या स्थितीत थोडे वाकलेले असतात आणि तुम्ही त्यांना तसंच जखडून टाकता. गवंड्याच्या लेव्हल पाइपनं चार चाकांखालची जमीन तपासा. त्याहून सोपं: व्हील अलाइनमेंटच्या दुकानात दुपारच्या मोकळ्या वेळी विचारा. त्यांचा रॅक सपाट असतो आणि नंतर अलाइनमेंट तिथंच करायची आहे.

चारही चाकं जमिनीवर हवीत. जॅक लावायचा नाही. गाडी उचलली तर बाजूचे नट काढताच शॉकअप खाली निसटतो. जमिनीवर असली की गाडीचं वजनच त्याला जागेवर दाबून ठेवतं.

८. बसवणं

इंजिन थंड असू द्या. गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला आणि पुढून चार वेळा दाबून सोडा, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसतं. स्टिअरिंग सरळ, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, मागच्या चाकांना विटा. चारही टायरमध्ये हवा सारखी.

अ) १० मिमीच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. हातात लांब लोखंडी दांडा असणार आहे आणि बॅटरी बहुतेक वेळा टॉवरला खेटून असते. दांडा पॉझिटिव्ह टोकाला आणि बॉडीला एकदम लागला तर ठिणगीचा धडाका होतो.

आ) वायपर काढायचे असतील तर ते काचेवर जिथं थांबतात तिथं आधी चिकटपट्टी लावा. नंतर अंदाजानं बसवलेला वायपर एकतर काचेच्या खांबावर आपटतो किंवा काउलवर. काउल निघालंच आहे तर खालची पानं, लाल माती आणि पाणी जायची भोकंही साफ करा.

इ) बोल्टवर स्प्रे मारून दहा मिनिटं थांबा, ब्रशनं घासा, मग कापडानं कोरडे करा. तेलकट आट्यांवर टॉर्क पाना तोच आकडा दाखवतो, पण बोल्टवर प्रत्यक्षात ताण जास्त येतो.

ई) माउंट आणि टॉवर यांच्यावरून मार्करनं तीन-चार रेघा मारा. भोकांत थोडी सैल जागा असते. माउंट सरकला तर रेघ तुटलेली दिसेल आणि चाकाचा कल बदलला हे कळेल.

उ) एकाच बाजूचे नट काढा. टॉवरवरची माती पुसा, प्लेट ठेवा. ती चारही बाजूंनी टेकली पाहिजे. टॉवरच्या माथ्यावर सीलंटचा उंचवटा किंवा पत्र्याची शिवण असेल तर प्लेट डुगडुगते; अशा वेळी प्लेटची कड घासा, टॉवर घासू नका. प्लेटखाली रबर किंवा गास्केट घालायचं नाही. रबर दबतं, नट ढिले होतात आणि बारचा उपयोगच जातो. नट हातानं फिरवून सैल ठेवा. मग दुसरी बाजू, अगदी तशीच.

ऊ) आता दांडा. खरी परीक्षा इथं होते: दांड्याचे बोल्ट बोटांनी आत सरकले पाहिजेत. लांबी बदलणारा बार असेल तर बोल्ट आपोआप शिरेपर्यंत लांबी जुळवा. त्यानंतर अर्धा फेरा जास्त देऊन टॉवर ढकलून ठेवायची फॅशन काही ठिकाणी आहे. रस्त्यावरच्या गाडीत त्याची गरज नाही. न बदलणाऱ्या बारचं भोक एक-दोन मिलिमीटरनं चुकत असेल तर सैल नटांवर प्लेट हलवून बघा. तीन-चार मिलिमीटर चुकतंय तर एकतर बार दुसऱ्या गाडीचा आहे किंवा तुमचा टॉवर सरकलेला आहे. पहार घालून, दोरीनं ओढून, भोक ड्रिल करून मोठं करून बसवू नका. तिथंच थांबा.

ए) सगळं सैल असताना एकदा बसलं की घट्ट करा: आधी टॉवरचे नट, आलटून-पालटून, पहिल्या फेरीत निम्मे आणि दुसऱ्या फेरीत पूर्ण. मग दांड्याचे बोल्ट. शेवटी लांबीचे लॉकनट. दांडा एका पान्यानं धरून दुसऱ्यानं आवळा, नाहीतर दांडा फिरून लांबी बदलते.

किती घट्ट, याचा खरा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच पाळायचा. अंदाज म्हणून, ८.८ ग्रेडच्या (हा ताकदीचा दर्जा) कोरड्या बोल्टला एम ८, म्हणजे ८ मिमीसाठी २० ते २५ आणि एम १० साठी ४० ते ५० न्यूटन मीटर. एम ८ चा बोल्ट लांब पान्यानं सहज तुटतो. हा बोल्ट माउंटमध्ये दाबून बसवलेला असतो. तो तुटला तर शॉकअप खाली उतरवून, स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून माउंट बदलावा लागतो. एका जोरकस झटक्याची ही किंमत.

९. बॉनेट लावण्याआधी

बारच्या सगळ्यात उंच जागांवर क्लेचे बोटभर उंच गोळे ठेवा. बॉनेट हळू टेकवा, दाबू नका, पुन्हा उघडा. दबलेल्या क्लेची जाडी १० मिमीपेक्षा कमी असेल तर बार बॉनेटला लागणार. तशा बारवर बॉनेट आपटून बंद केलं की वरून पत्र्याला फुगवटा येतो.

बॅटरी जोडा. एकजण ड्रायव्हर सीटवर, ब्रेक दाबून, गाडी न्यूट्रलमध्ये. दुसरा बाजूला उभा, समोर नाही. ॲक्सिलरेटर झटक्यानं दाबून सोडला की इंजिन माउंटवर डुलतं. इंजिन आणि बार यांच्यात बोटभर, म्हणजे १५ ते २० मिमी मोकळी जागा राहिली पाहिजे. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडतंय का, ऑइलची पट्टी बाहेर येतेय का, एसीचा पाइप किंवा वायरिंग बारला घासतंय का, हेही बघा. घासणाऱ्या वायरीला नुसती टेप गुंडाळू नका, क्लिपनं बाजूला बांधा.

काउल परत लावल्यावर काचेवर मगभर पाणी ओता आणि पुढच्या सीटसमोरच्या पायाखालच्या मॅटखाली हात घालून बघा. काउल नीट बसलं नसेल तर पाणी ब्लोअरमधून थेट आत उतरतं.

१०. अलाइनमेंट आणि पुन्हा टाईट करणं

मार्करच्या रेघा जुळत असल्या तरी अलाइनमेंट तपासून घ्या आणि आधीचा-नंतरचा कागद मागून घ्या. पहिली फेरी गावातल्या रस्त्यांवर, हळू. १०० किलोमीटर झाले की सगळे नट टॉर्क पान्यानं पुन्हा तपासा. बेळगाव-खानापूर जाऊन-येऊन दोनदा केलं की तेवढं होतं. दुसऱ्यांदा ५०० किलोमीटरला. पावडर कोटिंगची प्लेट असेल तर हे टाळू नका: नटाखालचा रंगाचा थर दबतो आणि पकड कमी होते. बसवण्याआधी नटाच्या जागेवरचा रंग पॉलिश पेपरनं काढला तर हा त्रास कमी होतो. ही दुसरी तपासणी होईपर्यंत चोर्ला किंवा आंबोलीचा बेत ठेवू नका.

११. आवाज आला तर

स्टिअरिंग फिरवताना ‘टक्’: बहुधा माउंटचं बेअरिंग, बार नव्हे. गतिरोधकावर ‘करकर’: प्लेट टॉवरवर घासतेय, म्हणजे नट ढिला आहे किंवा प्लेट पूर्ण टेकलेली नाही. उभ्या गाडीत कंप: बार काउलला किंवा इंजिनच्या झाकणाला लागतोय. गाडी एका बाजूला ओढते: माउंट सरकला, अलाइनमेंट पुन्हा. आवाज कुठून येतो ते कळत नसेल तर दांडा काढा, प्लेट राहू द्या आणि त्याच रस्त्यावरून पुन्हा जा. तरीही आवाज आला तर बारचा दोष नाही.

१२. पावसाळ्याआधी

कणकुंबी-जांबोटी भागात जून ते सप्टेंबर गाडी वाळतच नाही. प्लेटच्या कडेनं टॉवरचा रंग खरवडला गेला असेल तर गंज तिथूनच सुरू होतो आणि प्लेटखाली असल्यामुळे दिसतही नाही. मे अखेरीला एकेका बाजूची प्लेट काढा, टॉवर पुसा, खरवडलेल्या जागी टच-अप रंग लावा, पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा टॉर्कनं आवळा. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) वापरले असतील तर दरवेळी नवे. कंपनीचे मूळ नट एका पिशवीत घालून डिकीत ठेवा. सर्व्हिस सेंटरला बार काढावा लागला किंवा गाडी विकायची झाली तर ते लागतात.